‘लायसन्स मान्य करा’ म्हणणारी खिडकी: दाबण्याआधी काय बघायचं

महिन्याची १९ तारीख, संध्याकाळचे साडेसात. दुसऱ्या दिवशी जीएसटीचं थ्रीबी हे मासिक विवरणपत्र भरायची शेवटची तारीख, म्हणजे सीएच्या ऑफिसात चहासुद्धा उभ्यानेच घेतात तो दिवस. तिथे आर्टिकलशिप करणाऱ्या मुलाचा फोन आला.

“दादा, एक्सेल उघडलं की करार मान्य करा म्हणतंय. चार वेळा केला मान्य. परत येतंच आहे.”

“आणखी काही मागतंय का? फोन करा, पैसे भरा, काही डाउनलोड करा?”

“नाही. नुसतं ॲक्सेप्ट.”

“मग फोटो काढून पाठव, आणि मी सांगेपर्यंत हात लावू नकोस.”

त्याचं पुढे काय झालं ते ओघात येईलच. माझं काम छोट्या ऑफिसांचे कॉम्प्युटर सांभाळण्याचं. पतसंस्था, वकील, सीए, एखादी गृहनिर्माण सोसायटी, अशी गिऱ्हाइकं. ‘लायसन्स’ हा शब्द स्क्रीनवर दिसला की या मंडळींची दोन टोकं होतात. काही जण न वाचता दाबून मोकळे होतात, तर काही कॉम्प्युटरची वायरच ओढतात. खिडकी खरी की खोटी हे ओळखायला पाच मिनिटं लागतात. तिच्यातला मजकूर मात्र त्यासाठी फारसा उपयोगाचा नाही, कारण तो कोणीही हुबेहूब उतरवू शकतो. बघायचं ते दोनच: खिडकी कोणत्या प्रोग्रॅमने उघडली, आणि ती तुमच्याकडे काय मागते.

दुसरं आधी सांगतो, ते सोपं आहे. मायक्रोसॉफ्ट ऑफिसचा (म्हणजे वर्ड, एक्सेल वगैरेंचा) खरा परवाना-करार फक्त होकार मागतो. ॲक्टिव्हेशन, म्हणजे घेतलेला परवाना चालू करणं, असेल तर ते लॉगिन मागेल किंवा २५ अक्षरांची प्रॉडक्ट की मागेल. याच्या पलीकडे, म्हणजे या नंबरला फोन करा, हे छोटं टूल उतरवा, अँटीव्हायरस थोडा वेळ बंद करा, यूपीआयने दंड भरा, असं काही आलं की तिथेच थांबायचं. एररच्या किंवा इशाऱ्याच्या संदेशात फोन नंबर कधीच देत नाही, असं मायक्रोसॉफ्ट स्वतः सांगते. (जुन्या आवृत्त्यांत फोनवरून ॲक्टिव्हेट करण्याची सोय होती, पण तो पर्याय आपण स्वतः निवडावा लागे. नंबर आपणहून अंगावर येत नसे.)

आधी हात माउसवरून काढा

पहिलं काम म्हणजे मोबाइलने स्क्रीनचा फोटो. पूर्ण स्क्रीनचा, खालची टास्कबार आणि घड्याळ दिसेल असा. निम्मी माहिती त्या खालच्या पट्टीतच असते. मग आठवा, की याच्या लगेच आधी काय उघडलं होतं? मेलमधली फाइल, एखादी वेबसाइट, की नुसतंच वर्ड? हे त्या फोटोखालीच लिहून ठेवा. दहा मिनिटांनी प्रत्येक जण वेगळं सांगतो, हा माझा अनुभव आहे.

बंद करायची घाई झाली तरी खिडकीतलं ‘कॅन्सल’ किंवा कोपऱ्यातली फुली दाबू नका. खोट्या खिडकीत ती फुलीसुद्धा नुसती चितारलेली असते आणि तिच्यामागे तीच लिंक असते. बंद करायला कीबोर्ड वापरा: ऑल्ट आणि एफ४. तेवढ्याने गेली नाही तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि तिथून तो प्रोग्रॅम संपवा. दुसऱ्या फाइलींचं काम त्याआधी सेव्ह करून घ्या, नाहीतर दिवसभराची बॅलन्सशीट जायची.

कधी कधी सगळी स्क्रीनच भरून जाते, भोंगा वाजतो, आणि ‘तुमचा परवाना रद्द झाला’ असं बाईचा आवाज इंग्रजीत सांगू लागतो. हे बहुतेक वेळा फुलस्क्रीन केलेलं वेबपेज असतं. एस्केप काही सेकंद दाबून धरलं की ते लहान होतं, मग कंट्रोल-डब्ल्यूने टॅब बंद करायचा. ब्राउझर पुन्हा उघडल्यावर तो मागचे टॅब परत आणू का विचारतो, तेव्हा नाही म्हणायचं. इथे बरेच जण ‘रिस्टोर’ दाबतात आणि तेच भूत पुन्हा उभं करतात.

खिडकी कोणाची?

ती खिडकी अजून समोर असेल तर तिच्या वरच्या पट्टीला धरून ओढून बघा. विंडोजची खरी खिडकी ब्राउझरच्या किंवा वर्डच्या चौकटीबाहेर जाते. वेबपेजमध्ये काढलेली खिडकी पानाच्या कडेला अडते, किंवा हलतच नाही. मग कंट्रोल दाबून माउसचं चाक फिरवा. खिडकी आतल्या मजकुरासकट मोठी-लहान होऊ लागली तर ते चित्र आहे, खिडकी नाही.

ओढता येते, मोठी होत नाही, तरी शंका आहे? टास्क मॅनेजरमध्ये त्या नावावर राइट-क्लिक करून ‘ओपन फाइल लोकेशन’ घ्या. ऑफिसचे प्रोग्रॅम कुठे राहतात ते ठरलेलं आहे: प्रोग्रॅम फाइल्समधल्या मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या फोल्डरात, आणि अपडेटचं काम बघणारं क्लिक-टू-रन हे कॉमन फाइल्सखाली, मायक्रोसॉफ्ट शेअर्डमध्ये. ‘ऑफिस लायसन्स’ नावाचं काहीतरी टेम्प फोल्डरातून, डाउनलोड्समधून किंवा ॲपडेटामधल्या अगम्य अक्षरांच्या फोल्डरातून चालत असेल, तर ते ऑफिसचं नाही असंच धरा. खात्रीसाठी त्या फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘डिजिटल सिग्नेचर्स’ हा टॅब बघा. मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रॅमवर सही करणाऱ्याच्या जागी मायक्रोसॉफ्ट कॉर्पोरेशन असतं. टॅबच नसेल तर सहीच नाही.

कागदावर काढलेली खिडकी

हा प्रकार जरा सविस्तर सांगतो, कारण यात चांगली जाणती माणसं फसली आहेत. २०१९च्या सप्टेंबरात इमोटेट या कुप्रसिद्ध मालवेअरच्या, म्हणजे घातक प्रोग्रॅमच्या, टोळीने जगभर मेल पाठवले. सोबत वर्डची फाइल. ती उघडली की पानावर मायक्रोसॉफ्टच्या रंगसंगतीतली सूचना दिसे, की परवाना-करार मान्य करा, नाहीतर अमुक तारखेनंतर वर्ड चालणार नाही. आणि मान्य करायचा कसा? तर वरच्या पट्टीतलं ‘एनेबल कंटेंट’ दाबून. ती सूचना म्हणजे फाइलमध्ये चिकटवलेलं चित्र होतं. ‘एनेबल कंटेंट’ दाबणं म्हणजे करार मान्य करणं नव्हे. त्या फाइलमध्ये दडवलेला मॅक्रो, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, चालवायची परवानगी देणं, एवढाच त्याचा अर्थ. २०२१च्या जानेवारीत अनेक देशांच्या पोलिसांनी मिळून इमोटेटचे सर्व्हर ताब्यात घेतले, त्याच वर्षी नोव्हेंबरात ते परत उगवलं. ही युक्ती मात्र कोणा एका टोळीची राहिलेली नाही. ‘जीएसटी नोटीस’, ‘पर्चेस ऑर्डर’, ‘थकबाकी’ अशा नावांच्या फाइलींतून ती कोणीही वापरू शकतो.

वर्डच्या पट्ट्यांचा अर्थ एकदा नीट समजून घेतला की हे जाळं लगेच दिसतं. पिवळी पट्टी आणि ‘एनेबल एडिटिंग’ असेल तर फाइल बाहेरून आली आहे आणि ती प्रोटेक्टेड व्ह्यूमध्ये, म्हणजे काचेच्या पेटीत उघडली आहे. वाचायला, चाक फिरवायला, झूम करायला पेटी उघडावी लागत नाही. दुसरी पट्टी ‘एनेबल कंटेंट’ची, ती मॅक्रोसाठी. २०२२पासून मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या फाइलींचे मॅक्रो मुळातच अडवायला सुरुवात केली. तेव्हा लालसर पट्टी येते आणि तिच्यात सुरू करायचं बटणच नसतं. म्हणून आता भामटे वेगळं शिकवतात: फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये जा, खाली ‘अनब्लॉक’वर टिक करा, मग उघडा. आलेल्या फाइलने तुम्हाला स्वतःचंच कुलूप काढायला सांगितलं, की तिचा हेतू काय ते उघड आहे.

आपल्याकडची एक पळवाटही सांगून ठेवतो. ‘ही फाइल इंटरनेटवरून आली’ ही खूण विंडोज एनटीएफएस पद्धतीने मांडलेल्या डिस्कवर फाइलीच्या पोटात ठेवतं. फाइल पेनड्राइव्हवरून फिरली, आणि बरेचसे पेनड्राइव्ह फॅट३२ किंवा एक्सफॅट या वेगळ्या पद्धतींचे असतात, की ती खूण गळून पडते. मग लाल पट्टी येत नाही, साधी पिवळीच येते. आपल्या ऑफिसांत फाइली अजूनही पेनड्राइव्हवरूनच हिंडतात. ‘शेजारच्या टेबलावरून आली’ म्हणजे ती शेजारच्या टेबलावर जन्मली असं नाही.

उजव्या कोपऱ्यातली टिकटिक

स्क्रीनच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात दर दहा मिनिटांनी ‘ऑफिस परवाना संपला, नूतनीकरण करा’ असं येत असेल, तर त्या सूचनेवर बारीक अक्षरात कोणाचं नाव आहे ते बघा. क्रोम किंवा एज आणि त्याखाली कुठल्यातरी अनोळखी वेबसाइटचा पत्ता दिसला, तर कधीतरी सिनेमा किंवा पीडीएफ शोधताना कोणीतरी ‘अलाउ’ दाबलेलं आहे. व्हायरस असेलच असं नाही, पाहुण्याला किल्ली दिली आणि परत घ्यायची राहिली, एवढंच. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, तिथे साइट सेटिंग्ज, तिथे नोटिफिकेशन्स. यादीतली अनोळखी नावं काढून टाका. दोन मिनिटांत शांतता.

खिडकी खरी, ऑफिस खोटं

आता गैरसोयीची बाजू. वर्डच्या माथ्यावर ‘गेट जेन्युइन ऑफिस’ अशी पट्टी येते आणि तुमचा परवाना अस्सल नाही म्हणते. लोक मला विचारतात, हा व्हायरस कसा घालवायचा. तो व्हायरस नाही. ती पट्टी मायक्रोसॉफ्टचीच असते, खोटं असतं ते ऑफिस. असेंबल केलेला पीसी घेताना दुकानदाराने ‘आत सगळं टाकून दिलंय’ म्हटलेलं असतं, त्यातलंच हे ‘सगळं’.

तपासायला वर्डमध्ये फाइल, मग अकाउंट उघडा. उजवीकडे ‘प्रॉडक्ट ॲक्टिव्हेटेड’ किंवा ‘सबस्क्रिप्शन प्रॉडक्ट’ दिसेल. त्याच्याजवळ ‘बिलाँग्ज टू’ असेल तर तिथला ईमेल नीट वाचा. तिथे तुमचा किंवा तुमच्या संस्थेचा पत्ता हवा. तीन-चारशे रुपयांत ‘लाइफटाइम, पाच डिव्हाइस’ म्हणून घेतलेल्या ऑफिसात अनेकदा तिथे कुठल्यातरी परक्या संस्थेच्या नावाचं खातं निघतं. त्या खात्याचा ॲडमिन दुसराच कोणी असतो. तो ते खातं हवं तेव्हा बंद करू शकतो आणि त्यातला वनड्राइव्ह, म्हणजे फाइलींचा ऑनलाइन साठा, तोही उघडू शकतो. गिऱ्हाइकांचे पॅन आणि आधार ज्या फोल्डरात आहेत तो फोल्डर तिथे सिंक होतो का, हे मी आधी बघतो.

केएमएस नावाची ‘ॲक्टिव्हेटर’ टूलं हा त्याहून वाईट मामला. ती चालवण्याआधी अँटीव्हायरस बंद करायला किंवा एक फोल्डर तपासणीतून वगळायला सांगतात. काम झाल्यावर अँटीव्हायरस परत सुरू होतो, पण ती वगळण्याची यादी तशीच राहते. विंडोज सिक्युरिटी उघडा, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनच्या सेटिंग्जमध्ये खाली ‘एक्सक्लूजन्स’ आहे, ते बघा. तुम्ही न टाकलेलं काही तिथे असेल, तर त्या दाराने आणखी काय आत आलं असेल हा खरा प्रश्न. २०२१मध्ये केएमएसपिकोच्या नावाने फिरणाऱ्या इन्स्टॉलरमधून पासवर्ड आणि क्रिप्टो वॉलेट चोरणारा मालवेअर पसरवला जात असल्याचं उघड झालं होतं. अशा मशीनवर मी दुरुस्ती करत बसत नाही. डेटाचा बॅकअप, विंडोज नव्याने, आणि त्यानंतर विकतचं ऑफिस किंवा लिबरऑफिस. लिबरऑफिस फुकट आणि मुक्त परवान्याचं आहे, त्याला की लागत नाही. कधीतरी देणगीची विनंती करतं, ती न देताही चालतं. मराठी युनिकोड मजकूर, पत्रं, साधे हिशेब यांना ते पुरतं. मॅक्रोंनी भरलेल्या जुन्या एक्सेल शीटला मात्र अडखळतं, हे आधीच सांगून ठेवतो.

‘तुमच्या ऑफिसची मुदत संपली’ म्हणून येणारे फोनही फसवणुकीचेच. ऑफिस २०१६ आणि २०१९ यांचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, विंडोज १०चाही त्याच दिवशी. ही बातमी खरी आहे, म्हणूनच तिच्या आडून लुबाडता येतं. सपोर्ट संपला म्हणजे सुरक्षेची अपडेट्स थांबली. प्रोग्रॅम चालतच राहतो, फाइली नष्ट होत नाहीत. मायक्रोसॉफ्ट ३६५ची वर्गणी संपली तरी फाइल उघडते आणि प्रिंट होते, फक्त संपादन बंद होतं. ‘२४ तासांत फाइली डिलीट होतील’ असं म्हणणारी खिडकी खोटी.

खरीच, पण रोज येते

आता त्या आर्टिकलच्या पोराकडे वळू. फोटोत टास्कबारवर एक्सेलचंच चिन्ह होतं, खिडकी ओढता येत होती, मागत काहीच नव्हती. म्हणजे खरी. लॅपटॉप नवा होता. त्यात कंपनीकडून आलेलं ३६५चं ट्रायल होतं आणि सीएसाहेबांनी घेतलेलं ऑफिस २०१९ वरून चढवलं होतं. एका घरात दोन संसार. डेस्कटॉपच्या चिन्हावरून एक एक्सेल उघडे, फाइलवर डबल-क्लिक केलं की दुसरं. सेटिंग्जमधल्या ॲप्सच्या यादीतून ट्रायल काढलं, उरलेल्या ऑफिसवर ‘मॉडिफाय’ आणि ‘क्विक रिपेअर’ चालवलं, मशीन रीस्टार्ट केलं. थ्रीबी वेळेत गेलं.

क्विक रिपेअरने भागलं नाही तर ‘ऑनलाइन रिपेअर’ आहे. त्याला इंटरनेट आणि बराच वेळ लागतो, म्हणून ते जेवणाच्या सुट्टीत लावा.

जुन्या ऑफिस २००३च्या काळात याचं कारण वेगळं असे. करार मान्य केल्याची नोंद विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे सेटिंग्जच्या नोंदवहीत, व्हायची, आणि साध्या युजरला तिथे लिहायचा अधिकारच नसायचा. मग माणूस रोज हो म्हणे आणि कॉम्प्युटर रोज विसरे. उपाय एवढाच, की ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून एकदा उघडून मान्य करायचं. सरकारी कचेरीत किंवा शाळेत एखादं असं मशीन अजून भेटतं, म्हणून सांगितलं.

आणि घड्याळ बघा. जुन्या डेस्कटॉपची मदरबोर्डवरची बटणसेलची बॅटरी संपली की वीज गेल्यावर तारीख मागच्या कुठल्यातरी वर्षात जाते, मग ॲक्टिव्हेशन कुरकुरतं, वेबसाइट्सही उघडत नाहीत. सीआर २०३२ नावाचा सेल घड्याळजीकडेही मिळतो. ३६५ असेल तर मशीन महिन्यातून एकदा तरी इंटरनेटला लावावं, नाहीतर वर्गणी भरलेली असूनही ते रुसतं.

‘ॲक्सेप्ट’चा सगळ्यात गोड सापळा

यात पत्ताही खरा असतो. मेलमधल्या लिंकवर क्लिक केलं की मायक्रोसॉफ्टचं खरंखुरं लॉगिन पान, ‘लॉगिन डॉट मायक्रोसॉफ्टऑनलाइन डॉट कॉम’, उघडतं आणि म्हणतं की अमुक ॲपला परवानगी हवी आहे: तुमचे मेल वाचणे, तुमच्या फाइली बघणे, तुम्ही नसतानाही प्रवेश ठेवणे. खाली ‘ॲक्सेप्ट’. लोकांना ते परवाना-करारासारखंच वाटतं. पण इथे तुम्ही कुठल्या अटी पाळायच्या याचा प्रश्नच नसतो, तुम्ही तुमच्या मेलपेटीचं मुखत्यारपत्र देता. नंतर नुसता पासवर्ड बदलला तरी दिलेली परवानगी टिकू शकते. ॲपच्या नावाखाली ‘अनव्हेरिफाइड’ असेल, किंवा एका पीडीएफसाठी सगळे मेल वाचायची परवानगी मागत असेल, तर कॅन्सल. इथलं कॅन्सल खरं आहे, ते दाबायला हरकत नाही. आधीच दिली असेल तर खात्याच्या पानावर जाऊन ॲप्सना दिलेल्या परवानग्यांची यादी काढा आणि ती रद्द करा. कामाच्या ठिकाणचं खातं असेल तर ॲडमिनला लगेच कळवा.

दाबलं गेलंच असेल तर

नेट तोडा. वायफाय बंद, लॅनची वायर बाहेर. मशीन लगेच फॉरमॅट करू नका. फोटो, मेल, ती फाइल, सगळं राहू द्या. दुरून कॉम्प्युटरचा ताबा घेणारं ॲप कोणी चढवून घेतलं असेल तर ते बंद करून काढा. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या उपकरणावरून, आधी मेलचा, मग बँकेचा, आणि ‘सगळीकडून साइन आउट’ हा पर्यायही दाबायचा. त्यानंतर विंडोज सिक्युरिटीच्या स्कॅन ऑप्शन्समधून डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन लावा. मशीन रीस्टार्ट होऊन विंडोज सुरू होण्याआधीच तपासणी होते, साधारण पंधरा मिनिटांत.

पैसे गेले असतील तर हे सगळं नंतर. आधी १९३० हा सायबर हेल्पलाइनचा नंबर फिरवा आणि बँकेला कळवा, कारण रक्कम पुढच्या खात्यात जाण्याआधी अडवणं मिनिटांवर असतं. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार मागाहून भरता येते. कंपनी किंवा सरकारी कार्यालय असेल तर सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांप्रमाणे ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत त्यांना कळवाव्या लागतात. साहेब रजेवर आहेत, सोमवारी सांगू, असं इथे चालत नाही. आणि ज्याने दाबलं त्याच्यावर ओरडू नका. ओरडा खाल्लेला माणूस पुढच्या वेळी लपवतो आणि ते सहा तास त्यातच जातात.

त्या सीए ऑफिसात आता आवक-जावक रजिस्टरच्या शेवटच्या पानावर प्रत्येक मशीनची एक ओळ आहे: कोणतं ऑफिस, कोणत्या ईमेलवर, बिल नंबर, कधी घेतलं, मुदत कधी. त्या मुलानेच आखलंय, निळ्या-लाल पेनने. परवा त्याचा पुन्हा फोन आला, स्वागतकक्षातल्या मशीनवर ‘परवाना संपला’ असं आलं होतं. “दादा, रजिस्टरमध्ये बघितलं, आपली मुदत मार्चपर्यंत आहे. मग हे क्रोमचंच असणार ना?” क्रोमचंच होतं.